किल्ली, एक नग

सायकल हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी का झाला, याचा उलगडा मला कोणत्याही व्याकरणात सापडलेला नाही. टायर पुल्लिंगी, ट्यूब स्त्रीलिंगी आणि या दोघांच्या मध्ये येणारे पंक्चर मात्र नपुंसकलिंगी, ही व्यवस्था ज्या कोणी लावली त्याला संसाराचा अनुभव दांडगा असला पाहिजे, असे मी वर्गात दरवर्षी एकदा सांगतो. मुले हसतात. गेली अठरा वर्षे मुले या वाक्याला हसत आली आहेत, आणि गेली अठरा वर्षे मी सायकलवर बसलेलो नव्हतो. जिच्यावर विनोद करायचा तिच्या वाटेला जाऊ नये, एवढा शहाणपणा माझ्यापाशी होता. मागच्या मार्गशीर्षात एका शुक्रवारी पहाटे तो सुटला.

सायकल माझी नव्हे, नानांची. नाना म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक म्हणून त्यांनी सदतीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली बहुतेक सारी नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या डोंगरवाड्यांवर. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण नानांच्या तोंडी नगर बसले आहे ते बसले आहे.) आमचे बिऱ्हाड राजूरला. नानांची शेवटच्या अकरा वर्षांची शाळा तिथून सात किलोमीटरवर, कळसूबाईच्या रांगेच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत. काळी हर्क्युलस त्यांनी १९७४ साली घेतली. तीस वर्षे तिने नानांना नेले-आणले. मात्र वाटेत ओढा भरला की नाना तिला खांद्यावर घेत. तेव्हा कोणी कोणाला किती वाहिले, हा हिशेब बरोबरीत सुटावा.

आता नाना ऐंशीला टेकले आहेत आणि संगमनेरला आमच्याजवळ असतात. आई गेल्यापासून त्यांची आठवण उलट्या बाजूने उसवू लागली आहे. सकाळचे पोहे दुपारी आठवत नाहीत. धाकट्या नातीला ते कधीकधी माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारतात. परंतु १९७२ च्या दुष्काळात त्यांच्या शाळेवर सुकडीची किती पोती उतरली, हे त्यांना पोत्यागणिक ठाऊक असते. डॉक्टर म्हणाले, "अलीकडचे पुसट होते, मागचे वर येते. जपा."

वर आली ती एक किल्ली.

नाना ३१ मे २००४ ला निवृत्त झाले. शाळेला सुटी होती. शेजारच्या वाडीवरचे गुरुजी चार्ज घ्यायला आले. टेबल एक, खुर्ची एक, फळा एक, घंटा एक, पृथ्वीचा गोल एक, कुलूप एक, किल्ल्या दोन, अशी यादी झाली. किल्ल्या भिंतीच्या खिळ्याला आहेत, हे नाना डोळे मिटूनही सांगू शकले असते. त्यांनी सही केली. पुढच्या आठवड्यात आमचे बिऱ्हाड हलले. मी तेव्हा नुकताच संगमनेरला तासिका तत्त्वावर शिकवू लागलो होतो. सामानाचा टेम्पो पुढे गेला. "सायकल दोरीने बांधून न्यायला ती काय बकरी आहे?" असे म्हणून नाना तिच्यावर बसून मागून निघाले. कळसजवळ चेन पडली. पाना काढायला त्यांनी सीटखालच्या पिशवीत हात घातला, तर पान्याबरोबर शाळेची दुसरी किल्ली हाताला लागली.

दिवस मावळत होता. आभाळ भरून आले होते. मागे राजूरपर्यंत पुन्हा घाट, त्यापुढे वाडी. नाना अठ्ठावन्न वर्षांचे. ते थोडा वेळ तिथे उभे राहिले आणि मग पुढे, संगमनेरच्या दिशेने निघाले. नंतर त्यांनी निरोप पाठवला. "असू द्या हो गुरुजी," असे उत्तर आले. प्रकरण संपले. निदान आम्हाला तसे वाटले होते.

वीस वर्षांनी एका रात्री दोन वाजता दिवा दिसला म्हणून मी उठलो, तर नाना टोपी घालून पलंगावर बसलेले. "किल्ली द्यायची राहिली," ते म्हणाले. "मी सही केली. दोन किल्ल्या लिहिल्या नि एकच दिली." मी त्यांना समजावून निजवले. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. किल्ली खरोखरच होती. त्यांच्या ट्रंकेत, जुन्या सेवापुस्तिकेच्या प्रतीबरोबर, रुमालात बांधलेली. पितळी, बोटभर लांब. पंधरा दिवस आमच्या घरात कोणी सलग झोपले नाही.

तेव्हा मी शहाण्या माणसाने करावे ते केले. खोटे बोललो. एका संध्याकाळी बाहेरून आलो आणि म्हणालो, "नाना, वाडीला जाऊन आलो. किल्ली देऊन टाकली."

नानांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले.

"आज रविवार," ते म्हणाले. "रविवारी शाळा उघडी होती?"

मी गप्प.

"कशाने गेला होतास?"

"सायकलने," माझ्या तोंडून निघाले. एकदा घसरलेला माणूस उतारावर थांबत नाही.

"पावती?"

पावती कुठून असणार! सकाळचे पोहे विसरणाऱ्या माणसाने मला अवघ्या तीन प्रश्नांत पकडले. सदतीस वर्षे ज्याने गृहपाठ न करता आलेली मुले ओळखली, त्याच्यापुढे मी सबब घेऊन उभा होतो. नाना रागावले नाहीत, हे फार वाईट झाले. ते नुसते म्हणाले, "कामात असशील. मीच जाऊन येईन."

त्या रात्री झोप लागली नाही ती माझी. मला माझ्या सह्या आठवत राहिल्या. आठच दिवसांपूर्वी एका समितीच्या अहवालावर मी तो न वाचता सही केली होती. वर्षाकाठी अशा किती सह्या मी करतो! त्यांतली एकही मला कधी रात्री दोन वाजता उठवत नाही. आणि इथे एक माणूस, ज्याच्या डोक्यातून सारे जग हळूहळू निघून चालले आहे, तो एका नगाची चूक मात्र घट्ट धरून बसला आहे.

सकाळी मी कॉलेजात किरकोळ रजेचा अर्ज दिला. कारण : घरगुती काम. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, किल्लीच द्यायची तर एस.टी.ने जा. या वयात सायकल कशाला?" प्रश्न रास्त होता. पण नाना पुन्हा विचारणार होते : कशाने गेलास, घाटात काय झाले, वाटेत कोण भेटले. त्यांना तो रस्ता वळणावळणाने पाठ आहे. या खेपेला मला तोंडी परीक्षेला तयारीनिशी बसायचे होते.

सायकल दुकानात नेली. दुकानदाराने ट्यूबा बदलल्या, हबांत वंगण भरले, ब्रेकचे रबर घातले आणि सायकलभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाला, "सर, गाडी जाईल. तुमचं बघा."

शुक्रवारी सहाला निघालो. अंधार होता. कानाला मफलर, आत स्वेटर, खिशात रुमालात बांधलेली किल्ली. प्रवरा आणि म्हाळुंगी यांचा संगम म्हणून संगमनेर. तिथून कोल्हार-घोटी रस्त्याने पश्चिमेला वळले की प्रवरेच्या खोऱ्याने वर वर जायचे. डायनॅमो घरघरत होता आणि त्याचा मिणमिणता उजेड माझ्या पायांच्या गतीवर कमीजास्त होत होता. दमलो की जग अंधारे, जोर केला की पुढचे दोन हात उजळ. विजेचे बिल भरून दिवा लावणाऱ्या माणसाला हे ज्ञान कधी होत नाही.

पहिले पाच किलोमीटर मी फार प्रसन्न होतो. दहाव्याला मांड्या बोलू लागल्या. धांदरफळच्या सुमारास पाठीमागून तांबडे फुटले आणि माझी लांबच लांब सावली माझ्याआधी अकोल्याकडे धावू लागली. दोन्ही बाजूंना ऊस. कारखान्यांचा गळीत हंगाम चालू होता. उसाने भरलेल्या टायरगाड्यांची रांग समोरून आली. बैलांच्या तोंडांतून वाफा निघत होत्या, आणि मोळ्यांवर गोधडीत गुरफटलेले एक पोर गाढ झोपले होते. याच जिल्ह्याच्या पूर्वेकडचे पाथर्डीकडचे लोक, शेजारच्या बीडचे लोक, दसरा-दिवाळी झाली की कोयते घेऊन निघतात आणि अशा रस्त्यांच्या कडेला कोप्यांत हिवाळा काढतात. ते पोर त्या वेळी कुठल्या तरी शाळेच्या पटावर असेल. नाना असते तर गाडी थांबवून त्याचे नाव विचारले असते. मी कडेला झालो आणि गाडी जाऊ दिली.

कळस आले तेव्हा मी थांबलो. थांबायचे ठरवलेच होते. पण मुहूर्त सायकलीने साधला. पुढच्या चाकात बाभळीचा काटा. पंक्चर काढणारा पोऱ्या नुकताच दुकान उघडत होता. त्याने ट्यूब फुगवून पाण्याच्या घमेल्यात बुडवली. बुडबुडे कुठून येतात ते पाहायला आम्ही दोघेही वाकलो. "सापडलं," तो म्हणाला. काचकागदाने घासले, सोल्यूशन लावले, फुंकर घातली, ठिगळ दाबले. एवढेसे छिद्र, पण ते नेमके कुठे आहे हे कळेपर्यंत उपाय नाही, आणि कळले की दहा मिनिटांचे काम. मी रस्त्याकडे पाहत उभा होतो. इथेच कुठेतरी नाना त्या संध्याकाळी उभे राहिले असतील. एका हातात पाना, एका हातात किल्ली. मागे वळावे की पुढे जावे, असा तो क्षण. आयुष्यात आपण कितीदा असे पुढे जातो! 'आता कोण एवढे मागे जाणार' म्हणतो, आणि ते बरोबरही असते. तरी वाटेचा तेवढा तुकडा मनात कुठेतरी चालायचा राहून जातो.

अकोल्याला नऊ वाजून गेले. प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे, तिथे रामाने ऋषींचे दर्शन घेतले अशी श्रद्धा आहे. अगस्तींनी समुद्र पिऊन टाकला म्हणतात. मी दोन पेले चहा आणि मिसळीवरची तर्री प्यालो. हॉटेलवाल्याने सायकलकडे पाहून विचारले, "कुठली मोहीम?" "राजूरच्या पुढे." "एस.टी. बंद आहे का?" मी म्हटले, "नाही, माझीच बंद होती."

अकोल्याच्या पुढे मुलूख बदलतो. ऊस मागे पडतो, जमीन उंचसखल होते, आणि पश्चिमेला निळ्या रेघेसारखी सह्याद्रीची भिंत दिसू लागते. एकाच जिल्ह्याचे हे दोन चेहरे आहेत. पूर्वेकडच्या तालुक्यांत वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक देवाला नारळ फोडतात. आणि इकडे घाटमाथ्यावर घाटघरला पाच हजारांच्या आसपास पडतो. तो अडवायला इंग्रजांच्या काळात भंडारदऱ्याचे धरण बांधले, ते १९२६ साली पुरे झाले. त्याच्या खाली निळवंडे. निळवंड्याची मंजुरी १९७० ची आणि त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २०२३ चे. हे आठवले आणि मला जरा धीर आला. त्या मानाने एका किल्लीला वीस वर्षे म्हणजे काही फार नव्हेत.

विठ्याचा घाट सह्याद्रीतल्या मोठ्या घाटांपुढे पोरकाच म्हणावा. मोटारीत बसलेल्या माणसाला तो आला नि गेला हेही कळत नाही. पण आमच्या घरात या घाटाला फार मान. "विठ्याच्या घाटात मी कधी उतरलो नाही," हे नानांचे वाक्य आम्ही भावंडांनी लहानपणापासून ऐकलेले. पगारबिलांच्या, मीटिंगांच्या कामाला ते अकोल्याला जात आणि मागे कॅरिअरवर पुस्तकांचे गठ्ठे घेऊन हा घाट बसूनच चढत. मला गणित आले नाही, पोहता आले नाही, शर्यतीत मी कधी पहिला आलो नाही. प्रत्येक वेळी हा घाट माझ्यापुढे उभा केला जाई. त्या दिवशी मी मनाशी ठरवले, आज उतरायचे नाही.

पहिल्या वळणापर्यंत निश्चय टिकला. दुसऱ्या वळणाला मी उभा राहून पॅडल मारू लागलो. सायकलची चेन कुरकुरत होती, छातीत भाता चालला होता, थंडीतही मफलर घामाने भिजला. एक म्हातारी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चढत होती. तिने मला गाठले, माझ्याबरोबर चार पावले चालली आणि मागे टाकून निघून गेली. जाताना म्हणाली, "बाबा, उतर. घाट काय पळून चालला नाय."

मी उतरलो. उतरल्यावर मला दोन गोष्टी कळल्या. पहिली, हवा फार सुंदर होती. वाळलेल्या गवताचा उबदार वास येत होता, खाली दरीत कोणीतरी गुरे वळत होते नि त्याची हाळी इथवर येत होती. दुसरी, आपण नानांसारखे नाही, हे पंचेचाळीसाव्या वर्षी पुन्हा एकदा सिद्ध झाले होते आणि त्याचे मला म्हणावे तितके दुःख झाले नव्हते. सायकलच्या हँडलवर हात ठेवून मी तो घाट तिच्याबरोबर चालत चढलो. अवघड चढणीवर माणूस आणि सायकल शेजारी शेजारी चालतात, तेव्हा ती वाहन राहत नाही, सोबत होते.

राजूर एकच्या सुमारास लागले. आमचे जुने भाड्याचे घर जिथे होते तिथे आता दुमजली इमारत आहे. तिच्याकडे फार वेळ पाहिले नाही. डिसेंबरात राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. लहानपणी आमची दिवाळी संपली की आम्ही त्याची वाट पाहू. डांगी बैल पांढरे, अंगावर काळे ठिपके नि पट्टे, खूर काळे नि टणक. त्यांच्या कातडीला अंगचेच तेल असते, म्हणून धो धो पावसात, चिखलात भातखाचरांत हे जनावर टिकते. नाना म्हणत, "बदलीच्या ऑर्डरीबरोबर मास्तराला अशी कातडी द्यायला हवी." भाकरी खाल्ली आणि निघालो. शाळा पाचला सुटते. त्याच्या आत पोचायचे होते.

शेवटचे सात किलोमीटर मी कधी विसरणार नाही. आता डांबरी रस्ता झाला आहे. दोन्ही बाजूंना भाताची रिकामी खाचरे, त्यांत करड्या खुंटांच्या ओळी. खळ्यांवर पेंढ्याच्या गंज्या. ओलीवर पेरलेल्या हरभऱ्याचे हिरवे तुकडे. समोर कळसूबाईची रांग. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. पण पायथ्याशी राहणाऱ्याला ते शिखर वाटत नाही, घरातले वडीलधारे माणूस वाटते. हा महादेव कोळ्यांचा आणि ठाकरांचा मुलूख. इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावठी बियाणे जपले, वाढवले, वाटले, आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. एम.ए. झालेला मी शहरात शब्दांची व्युत्पत्ती सांगतो. इथे एक बाई वालाच्या नि भाताच्या वाणांची कुळकथा सांगते आणि ती पुन्हा पेरून दाखवते.

तीन वाजता वाडी आली. शाळा नवी होती : सिमेंटच्या दोन खोल्या, भिंतींवर रंगवलेली बाराखडी, अंगणात हातपंप. मागच्या बाजूला जुनी मातीच्या भिंतींची खोली अजून उभी होती. तिच्या दाराला कडी होती, कुलूप नव्हते.

शिकवणाऱ्या मॅडम तरुण होत्या, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या. समोर सतरा मुले. मी घामेजलेला, मफलर गळ्यात लोंबणारा, सायकल हातात. त्यांना मी प्रथम चादरी विकणारा वाटलो असेन. मी कोण, कशासाठी आलो, ते सांगितले. रुमाल सोडून किल्ली टेबलावर ठेवली. सांगताना माझे मलाच ते इतके वेड्यासारखे वाटू लागले की मी घाईघाईने म्हणालो, "नुसते एका कागदावर लिहून दिलेत तरी चालेल. म्हाताऱ्या माणसाचे समाधान."

मॅडम किल्लीकडे पाहत होत्या. मग त्या उठल्या, कपाट उघडले आणि जडसंग्रहाची नोंदवही काढली. "सर, कागदावर कशाला?" त्या म्हणाल्या. "वस्तू शाळेची आहे. नोंद वहीतच झाली पाहिजे."

एवढ्यात सायकल पाहून कोणीतरी बातमी नेली असावी. धोतर नेसलेले, अंगावर घोंगडी घेतलेले एक म्हातारबाबा आले, दारातच बसले आणि मला न विचारता म्हणाले, "ही गाडी गुरुजींची. तू पोरगा ना त्यांचा? गुरुजी हायेत ना?" मी म्हटले, आहेत. किल्लीची हकिगत सांगितली. बाबा आधी हसले, मग बराच वेळ हसत राहिले.

"आरं, त्या शाळंला कुलूप लागलंच कधी? कडीला नुसतं अडकवल्यालं असायचं, उघडंच. गुरुजी म्हणायचं, पावसाचं रात्री-अपरात्री कोणी रानातून आलं तर त्यानं कुठं जावं? माझ्या घराचं छप्पर उडालं त्या साली आम्ही सात माणसं नि दोन शेळ्या आठ दिवस इथं व्हतो. किल्ली कोणाला लागली?"

मी त्या पितळी किल्लीकडे पाहिले. तिचे दात कोरे होते, वीस वर्षांपूर्वी होते तसेच. ती हरवली ती वापरच नव्हता म्हणून. उघड्या ठेवलेल्या शाळेची ती किल्ली होती, आणि तिच्यासाठी नाना रात्री दोन वाजता टोपी घालून बसत होते. दार सताड उघडे ठेवणारा माणूस आणि किल्लीच्या नगाचा हिशेब ठेवणारा माणूस, हे दोघे एकच होते. मला आजवर त्यांतला एकच दिसत आला होता, आणि तोही हिशेब ठेवणारा.

मॅडमनी विचारले, "सर, कुलूप नाही. किल्ली कोणत्या सदरात घेऊ?" एक मुलगी म्हणाली, "मॅडम, नवीन कुलूप आणू या." एक मुलगा म्हणाला, "किल्लीला कुलूप मिळत नसतं. कुलपाला किल्ली मिळते." व्याकरणाच्या दृष्टीने नसले तरी तर्काच्या दृष्टीने हे बिनचूक होते. शेवटी मॅडमनी लिहिले : 'किल्ली, पितळी, १ (एक) नग. पूर्वीच्या मुख्याध्यापकांकडून जमा.' तारीख घातली, सही केली. तोच मजकूर वेगळ्या कागदावर लिहून, शाळेचा शिक्का मारून माझ्या हाती दिला. किल्ली त्यांनी भिंतीच्या खिळ्याला अडकवली. सतरा मुलांनी ती अडकवताना पाहिली.

बाबांच्या घरी कोरा चहा झाला. निघताना त्यांनी फडक्यात बांधून शेर-दीड शेर तांदूळ कॅरिअरला लावले. "गुरुजींना सांग, दार अजून उघडंच हाये."

परतताना राजूरपर्यंतच सायकल चालवली. अंधार पडला होता आणि पाय माझे राहिले नव्हते. दुधाचे कॅन नेणाऱ्या एका पिकअपवाल्याने मला पुढे आणि सायकलला मागे घेतले. राजूरच्या पेढ्यांची पुडी मांडीवर धरून मी विठ्याचा घाट डुलक्या घेत उतरलो.

घरी पोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. नाना जागे होते. मी पावती हातात दिली. त्यांनी चष्मा लावला आणि ती दोनदा वाचली. एकदा माणूस म्हणून, एकदा गुरुजी म्हणून.

"जावक क्रमांक नाही," ते म्हणाले.

"नाही, नाना."

"अक्षर चांगले आहे बाईंचे." मग थोडे थांबून, "सायकलने गेलास?"

"हो. कळसला पंक्चर झाले."

"घाट?"

खोटे बोलायला हरकत नव्हती. या खेपेस पकडायला पुरावाही नव्हता. पण मी म्हणालो, "उतरलो, नाना. दुसऱ्या वळणाला. चालत चढवली."

नानांनी पावतीची घडी घातली. त्यांची नजर माझ्यावर नव्हती.

"मीही तिथेच उतरत असे," ते म्हणाले. "दुसऱ्या वळणाला."

पंचेचाळीस वर्षे जो घाट माझ्यापुढे उभा होता, तो असा एका वाक्यात सपाट झाला. मी काही बोललो नाही. ती रात्र नाना झोपले, आणि घरही झोपले.

गोष्ट इथे संपवली असती तर ती अधिक बरी दिसली असती. परंतु ती तशी संपली नाही. चौथ्या रात्री दोन वाजता पुन्हा दिवा लागला. नाना टोपी घालून बसले होते. "किल्ली द्यायची राहिली," ते म्हणाले. ते सारे विसरले होते : पावती, घाट, त्यांनी मला सांगितलेले ते वाक्यही. माझ्या पोटात खड्डा पडला. मग मी त्यांच्या उशीखालून कागद काढला आणि त्यांच्या हाती दिला. त्यांनी चष्मा लावला. वाचले. आणि पहिल्या रात्री जो उजेड त्यांच्या तोंडावर आला होता, तोच, तितकाच, नवा कोरा पुन्हा आला.

"जावक क्रमांक नाही," ते म्हणाले.

गेल्या दहा महिन्यांत असे पुष्कळदा झाले आहे. पावती घड्यांवर विरली, तेव्हा आमच्या मुलीने ती मागून पातळ कागद लावून चिकटवली. प्रत काढून दाखवली होती, ती नानांनी परत केली. त्यांना मूळ कागद लागतो. मला आता या जागरणाचे ओझे वाटत नाही. माझ्या हातून एक खरे काम एकदाच झाले. पण ते नानांना दर वेळी पहिल्यांदा कळते.

सायकल पुन्हा जिन्याखाली गेली नाही. दर रविवारी सकाळी मी तिच्यावरून कळसपर्यंत जातो आणि चहा पिऊन परत येतो. वर्गात लिंगविचाराच्या तासाला तो जुना विनोद यंदा मी सांगितला नाही. मुलांना विचारले, "किल्ली स्त्रीलिंगी, कुलूप नपुंसकलिंगी. मग उघडे दार कोणते?"

मुले विचारात पडली. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, दार नपुंसकलिंगीच. उघडे असो नाहीतर बंद."

तिचे उत्तर बरोबर होते. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.